दुसऱ्या पासपोर्टचा सल्ला, धरमपेठेत बसून

नागपूरच्या धरमपेठेत, वेस्ट हायकोर्ट रोडपासून हाकेच्या अंतरावर, परदेशी नागरिकत्व आणि निवास-परवाने यांचे नियोजन करून देणाऱ्या एका मुंबईच्या कंपनीची शाखा आहे. आमच्या कुटुंबाने गेल्या वर्षी तिची सेवा घेतली. आमचा व्यवसाय कापसाच्या जिनिंगचा आहे, जमीनजुमला विदर्भातच विखुरलेला आहे आणि थोरल्या बंधूंचा मुलगा टोरंटोत नोकरीला आहे. त्यामुळे ‘मालमत्ता सुरक्षित करायची तर दुसरा पासपोर्ट हवा’ ही चर्चा आमच्या घरी बरीच आधी सुरू झाली होती. कंपनीचे नाव येथे देत नाही. पुढे ज्या त्रुटी सांगणार आहे, त्या थोड्याफार फरकाने या व्यवसायातील इतरांच्याही आहेत, असे दोन-तीन ठिकाणी विचारपूस केल्यावर मला आढळले. म्हणून हे परीक्षण एका दुकानापेक्षा त्या सेवेचे आहे असे समजावे.

पहिल्या सविस्तर बैठकीचे शुल्क पन्नास हजार रुपये आहे आणि पुढे काम सोपवल्यास ते एकूण शुल्कातून वळते होते. एवढ्या पैशांत दीड-दोन तासांची बैठक, एक लेखी टिपण आणि कुटुंबाच्या परिस्थितीनुसार सुचवलेले पर्याय मिळतात. बैठक वेळेवर सुरू झाली, बोलणे मराठीत झाले आणि वहिनींच्या शंकांना बंधूंच्या शंकांइतकाच वेळ मिळाला, ही नमूद करण्यासारखी गोष्ट आहे, कारण अशा कार्यालयांत बहुधा पुरुषांकडे पाहूनच बोलले जाते. बैठकीआधी एक प्रश्नावली भरून द्यावी लागते. तिच्यात मालमत्तेसाठी दोन भरगच्च पाने आहेत, ज्यांत घरे, शेती, कारखान्यातील भाग, शेअर, सोने, विमा या सगळ्यांचे रकाने आहेत. कर्ज, बँकेला दिलेला वैयक्तिक जामीन आणि न्यायालयात चालू असलेले दावे यांसाठी मात्र एकही रकाना नाही. मालमत्तेच्या संरक्षणाच्या नावाने चालणाऱ्या सेवेत हा रकाना का नसावा, याचे उत्तर मला शेवटपर्यंत मिळाले नाही.

आधी चांगल्या बाजूविषयी सविस्तर लिहितो, कारण ती खरोखरच चांगली आहे. या शाखेचे कागदपत्रांचे काम फार उत्तम आहे. ते पाहणाऱ्या बाई पूर्वी राष्ट्रीयीकृत बँकेत कर्ज विभागात होत्या आणि विदर्भातील घराण्यांचा पैसा कसा उभा राहतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. परदेशी सरकारे अर्जदाराकडून पैशाच्या उगमाचा पुरावा मागतात आणि तो तपासणाऱ्या संस्था लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या असतात. त्यांना पगारपत्रक कळते, कंपनीचा लाभांश कळतो. हिंदू अविभक्त कुटुंब म्हणजे काय, कर्ता कोण आणि आजोबांच्या नावे असलेली जमीन नातवाच्या खात्यात पैसा होऊन कशी आली, हे त्यांना कळत नाही. बाईंनी आमच्या शेतीचा सातबारा, नमुना आठ-अ आणि जुने फेरफार यांची साखळी जुळवली, प्रत्येकाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घेतले आणि त्यावर दोन पानांचे एक निवेदन लिहिले, जे वाचून परक्या माणसालाही आमच्या घराण्याचा व्यवहार समजावा. समृद्धी महामार्गासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला थेट बँकेत जमा झालेला असल्याने तो सर्वांत स्वच्छ पुरावा ठरला. याउलट, जुन्या काळी रोखीने झालेल्या एका प्लॉटच्या विक्रीचा पैसा त्यांनी यादीतून काढून टाकायला लावला आणि कारणही स्पष्ट सांगितले.

रामदासपेठेतील घर नझूलच्या, म्हणजे शहरातील सरकारी जमिनीच्या, भाडेपट्ट्यावर आहे, हे कळताच भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणाची प्रत आणि आखीव पत्रिका आधी ताज्या करून आणा, असे त्यांनी बजावले. दुसरा एक प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या नियमितीकरणातला होता, त्याचे आर.एल. पत्र, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचे पत्र, त्यांना दाखवताना ते काय असते, हे समजावून सांगावे लागले नाही. मुंबई किंवा दिल्लीच्या सल्लागाराकडे हे सगळे पहिल्यापासून शिकवावे लागले असते.

सर्वांत किचकट काम वहिनींच्या नावाचे निघाले. जन्मदाखल्यावर माहेरचे नाव व आडनाव, लग्नानंतर बदललेले पहिले नाव पासपोर्टवर, सातबाऱ्यावर पतीच्या नावासह तिसरे रूप आणि बँकेत आद्याक्षरांचे चौथे, अशी चार रूपे निघाली. आपल्याकडे हे घरोघरी असते आणि कोणी त्याचे वावगे मानत नाही, पण परदेशी तपासणीत चार नावे म्हणजे चार माणसे धरली जातात. राजपत्रातील प्रसिद्धी, एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला आणि त्या सर्वांवर राज्य शासनाच्या साक्षांकनानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (परदेशात ग्राह्य धरले जाणारे प्रमाणन), हा क्रम बाईंनी नीट लावून दिला. पोलीस पडताळणीचा दाखला ठरावीक मुदतीपुरताच ग्राह्य धरला जात असल्याने तो सर्वांत शेवटी काढायचा, हेही त्यांनीच सांगितले. या सेवेचा दुसरा कोणताही भाग न घेता एवढेच काम करून घेतले, तरी पैसे वसूल होतात, असे माझे मत आहे.

पर्यायांच्या सादरीकरणाचा दर्जा मात्र याच्या जवळपासही नाही. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर निळा समुद्र आणि पांढरी वाळू दाखवून सुरुवात होते आणि पहिला भर कॅरिबियन बेटांवर असतो. गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देण्याची ही पद्धत सेंट किट्स आणि नेव्हिसने १९८४ मध्ये सुरू केली, पुढे डॉमिनिका, ग्रेनाडा, अँटिग्वा आणि सेंट लुसिया हे देश तिच्यात आले. आमच्या हाती दिलेल्या माहितीपत्रकात डॉमिनिकाचा दर एक लाख डॉलर छापलेला होता. यांपैकी चार देशांनी २०२४ मध्ये आपसांत करार करून किमान रक्कम दोन लाख डॉलर ठरवली, त्यामुळे तो दर केव्हाच कालबाह्य झाला आहे. आज सेंट किट्सची देणगी अडीच लाख डॉलरपासून सुरू होते आणि ग्रेनाडाची २ लाख ३५ हजारांपासून. ही बाब निदर्शनास आणल्यावर प्रतिनिधीने तत्काळ नवा दर सांगितला, म्हणजे त्याला तो माहीत होता; मग जुने पत्रक वाटण्याचे प्रयोजन काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

किती देशांत व्हिसाविना जाता येते, हा या सादरीकरणाचा मुख्य मुद्दा असतो आणि तो जितका ठळकपणे मांडला जातो, तितकाच तो अस्थिर आहे. ब्रिटनने जुलै २०२३ मध्ये डॉमिनिका आणि वानुआतू यांच्या नागरिकांवर व्हिसाची अट घातली. वानुआतूची व्हिसामाफी युरोपीय संघाने आधी स्थगित केली आणि २०२४ च्या अखेरीस रद्दच केली. सायप्रसने आपली योजना २०२० मध्ये बंद केली. माल्टाची योजना युरोपीय न्यायालयाने २९ एप्रिल २०२५ रोजी बेकायदा ठरवली. आज विकत घेतलेली मुभा उद्या तिसराच देश काढून घेऊ शकतो आणि ज्याने पैसे घेतले त्या देशाचे त्यावर काही चालत नाही, ही गोष्ट सादरीकरणात एका ओळीनेही नव्हती.

ग्रेनाडाच्या बाबतीत तर माहिती अपुरी असल्याने दिशाभूल होण्यासारखी होती. ग्रेनाडाचा अमेरिकेशी करार असल्यामुळे तेथील नागरिकाला अमेरिकेत व्यवसाय करण्यासाठी ई-२ व्हिसा मागता येतो आणि भारतीयाला तो मिळत नाही, म्हणून हा पर्याय आमच्यापुढे विशेष आग्रहाने मांडला गेला. परंतु अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायद्यात बदल केला. ज्याने करारातील देशाचे नागरिकत्व गुंतवणुकीच्या जोरावर घेतले आहे, त्याने त्या देशात सलग तीन वर्षे वास्तव्य केलेले असले पाहिजे, तरच ई-२ मागता येतो. बुटीबोरीचा कारखाना सोडून तीन वर्षे ग्रेनाडात राहणारा उद्योजक मला तरी ठाऊक नाही. बंधूंनी हा प्रश्न विचारल्यावर प्रतिनिधी म्हणाला, “सर, त्यावर आमची लीगल टीम काम करते आहे.” कायदा झालेला आहे, त्यावर काम करण्यासारखे काही उरलेले नाही.

मूळ प्रश्न मात्र याच्याही आधीचा आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ यांचा अर्थ सरळ आहे: स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारताचे नागरिकत्व त्याच क्षणी संपते, त्यासाठी कोणाच्या आदेशाची गरज नसते. त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि तो वापरत राहणे हा गुन्हा आहे. ‘दुसरा’ म्हणून विकला जाणारा पासपोर्ट भारतीय माणसासाठी प्रत्यक्षात एकमेव पासपोर्ट ठरतो. सादरीकरणात ही गोष्ट, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओ.सी.आय. कार्डाच्या पानावर, ‘जवळपास सर्व हक्क कायम’ या वाक्याच्या आड गेलेली होती.

त्या ‘जवळपास’मध्ये विदर्भातल्या माणसाचे बरेच काही येते. ओ.सी.आय. कार्डधारकाला मतदान करता येत नाही, हे अनेकांना माहीत असते. त्याला शेतजमीन, फळबाग किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, हे माहीत नसते. आधीपासून असलेली जमीन परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार ठेवता येते, वारसाहक्काने आलेलीही चालते, पण काटोल-नरखेडच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागेला लागून दोन एकर विकायला निघाले, तर ते घेता येणार नाही. ज्या घराण्याच्या व्यवहारात दर काही वर्षांनी शेतीची भर पडत असते, त्याच्यासाठी हा बदल फार मोठा आहे. शिवाय ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झाले, तर ओ.सी.आय. नोंदणी रद्द होऊ शकते. परतीचा दरवाजा कायम उघडा आहे, असे जे सांगितले जाते, त्याला ही कडी आहे.

येथे एक गोष्ट कंपनीच्या बाजूने सांगितली पाहिजे. दुसऱ्या बैठकीला त्यांचे कर-सल्लागार मुंबईहून आले होते आणि त्यांनी पहिल्या वाक्यातच विचारले, “भाऊ, तुम्ही वर्षातले किती दिवस नागपूरच्या बाहेर राहणार आहात?” हा प्रश्न तोपर्यंत कोणीही विचारला नव्हता आणि सगळे नियोजन त्याच्यावरच उभे राहते. कर हा पासपोर्टवर ठरत नाही, निवासावर ठरतो. वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला माणूस कोणत्याही देशाचा नागरिक असला, तरी येथे निवासी धरला जातो. ज्याचे भारतातील उत्पन्न पंधरा लाखांच्या वर आहे, अशा अनिवासी नागरिकाला किंवा भारतीय वंशाच्या व्यक्तीला १२० दिवसांचीच मर्यादा लागू होऊ शकते. एवढेच नव्हे, असे उत्पन्न असलेला भारतीय नागरिक दुसऱ्या कोणत्याही देशात कराला पात्र नसेल, तर २०२० च्या दुरुस्तीनुसार तो भारतात निवासी मानला जातो. दुबईच्या परवान्याने कर टळतो, ही इतवारीच्या बाजारपेठेत ऐकू येणारी समजूत या एका तरतुदीपुढे टिकत नाही. परदेशात कंपनी काढून तिचा कारभार नागपुरातून हाकला, तर ती कंपनीही भारतात निवासी ठरू शकते, हेही त्यांनी सांगितले.

पैसा बाहेर नेण्याविषयी त्यांनी दिलेली माहिती या सबंध सेवेतील सर्वांत उपयुक्त होती. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत प्रत्येक निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. २००४ मध्ये योजना सुरू झाली, तेव्हा ही मर्यादा पंचवीस हजार डॉलर होती. योजना व्यक्तीसाठी आहे. कंपनी, भागीदारी संस्था, न्यास आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांना ती लागू नाही. आमचा बराचसा पैसा अविभक्त कुटुंबाच्या नावे असल्याने तो आधी व्यक्तींच्या नावे आणावा लागणार होता आणि प्राप्तिकर कायदा आंशिक विभाजन मानत नाही, म्हणजे केवळ एका ठेवीपुरते विभाजन दाखवून चालणार नव्हते. कुटुंबातील चौघांच्या मर्यादा एकत्र करून मालमत्ता घेता येते, पण मग चौघेही सहमालक असावे लागतात. दहा लाखांवरच्या रकमेवर बँक वीस टक्के कर आधीच कापून घेते, त्यामुळे एक कोटी पाठवायचे झाल्यास अठरा लाख वेगळे तयार ठेवावे लागतात. ते विवरणपत्रात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकून पडतात आणि कापसाच्या हंगामात एवढी रोकड अडकणे परवडत नाही. सेंट किट्सची देणगी बरोबर एका व्यक्तीच्या वार्षिक मर्यादेइतकी आहे. चौकशीचे व सरकारी शुल्क धरले की ती मर्यादा ओलांडते, म्हणून लोक काही रक्कम मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये पाठवतात. अशा नियमात बसणाऱ्या युक्त्या सल्लागाराकडून कळाव्यात, यासाठीच तर शुल्क द्यायचे असते.

परदेशातील प्रत्येक खाते, घर आणि निधीतील भाग विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावा लागतो आणि तो दडवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्यान्वये दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो, ही सूचनाही त्यांनी लेखी दिली. ‘तिकडचे इकडे कोणाला कळते’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, शंभराहून अधिक देश बँक खात्यांची माहिती आपसांत आपोआप कळवतात आणि भारत २०१७ पासून त्या व्यवस्थेत आहे.

आता या सेवेच्या मुख्य दाव्याकडे येतो, तो म्हणजे मालमत्तेचे संरक्षण. माझ्या मते हा दावा या रूपात टिकत नाही. नागपुरातील उद्योजकाच्या संपत्तीला खरा धोका कोठून असतो? बँकेच्या कर्जाला दिलेल्या वैयक्तिक जामिनातून, भागीदारांच्या भांडणातून, भावाभावांतील न झालेल्या वाटणीतून आणि मृत्युपत्र न करता गेलेल्या वडीलधाऱ्यांतून. यांपैकी एकाही धोक्यावर कॅरिबियन पासपोर्टचा उपाय नाही. वैयक्तिक जामीनदारांवर दिवाळखोरी संहितेखाली कारवाई करण्याची तरतूद डिसेंबर २०१९ पासून लागू आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने ती २०२१ मध्ये वैध ठरवली. जामीन देणारा कोणत्या देशाचा नागरिक आहे, याने हिंगण्याच्या कारखान्याच्या शेडवरचा बँकेचा बोजा उतरत नाही. देणी थकल्यावर घाईघाईने पत्नी-मुलांच्या नावे केलेले हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली धनको रद्द करवून घेऊ शकतात. शंभर कोटी वा त्याहून मोठ्या आर्थिक गुन्ह्यात देश सोडून गेलेल्याची मालमत्ता २०१८ च्या फरार आर्थिक गुन्हेगार कायद्याने सरकारजमा होऊ शकते. हिरे व्यापारी मेहुल चोक्सी यांनी २०१७ मध्ये अँटिग्वाचे नागरिकत्व घेतले होते. त्यांच्यावर आरोप असलेले पंजाब नॅशनल बँकेच्या फसवणुकीचे प्रकरण २०१८ च्या सुरुवातीला उघड झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या विनंतीवरून बेल्जियममध्ये त्यांना अटक झाली. त्या पासपोर्टने त्यांची येथील मालमत्ता जप्तीपासून वाचवली नाही. हे उदाहरण टोकाचे आहे आणि सरळमार्गी व्यावसायिकाशी त्याचा संबंध नाही, हे खरे. परंतु पासपोर्ट ही ढाल आहे असे सांगणाऱ्याने त्याचे उत्तर दिले पाहिजे.

उलट काही देशांचा निवास घेतल्याने संपत्तीवरचा भार वाढतो, हे तर बैठकीत कोणी बोललेच नाही. भारतात मृत्यूनंतरच्या संपत्तीवरील कर १९८५ मध्ये रद्द झाला. ब्रिटनमध्ये तो चाळीस टक्के आहे आणि एप्रिल २०२५ पासून तेथील दीर्घकालीन निवाशाच्या जगभरातील संपत्तीला लागू होतो. अमेरिकेचे ग्रीन कार्ड घेतले की जगात कोठेही झालेले उत्पन्न तेथे दाखवावे लागते. नागपुरात वडिलांकडून मुलाकडे कराविना जाणारी इस्टेट लंडनमार्गे नेल्यास तिचा मोठा वाटा तेथील सरकारकडे जाईल, याला संरक्षण म्हणणे कठीण आहे.

निवास-परवान्यांचे पर्याय तुलनेने रास्त आहेत, कारण त्यांत भारतीय नागरिकत्व जात नाही. संयुक्त अरब अमिरातीचा दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा वीस लाख दिरहमच्या घरावर मिळतो, सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिले तरी तो जात नाही आणि आमच्या ओळखीतील काहींना त्याचा व्यवसायासाठी खरोखर उपयोग झाला आहे. जुलै २०२५ मध्ये तेवीस लाख रुपयांत आजीवन गोल्डन व्हिसा मिळणार, अशी बातमी पसरली, तेव्हा या शाखेने ती ग्राहकांना पाठवली नाही, ही जमेची बाजू. तेथील सरकारने ती लगेच फेटाळली होती. ग्रीसमध्ये अथेन्ससारख्या ठिकाणी घराची किमान रक्कम आठ लाख युरोवर गेली आहे. पोर्तुगालने २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्ग बंद केला, आता पाच लाख युरो निधीत गुंतवावे लागतात, मात्र वर्षाला सरासरी सात दिवस राहिले तरी पुरते. स्पेनची योजना एप्रिल २०२५ मध्ये संपली. अमेरिकेच्या ईबी-५ या गुंतवणूकदारांच्या व्हिसासाठी निवडक भागांत आठ लाख डॉलर आणि दहा नोकऱ्यांची निर्मिती लागते, म्हणजे रक्कम एका माणसाच्या प्रेषण मर्यादेत तीन वर्षांतही बसत नाही. ज्याची मुले तेथे शिकत आहेत, त्याने विचार करावा. इतरांनी त्यात पडू नये.

करारपत्राविषयी थोडे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटांना १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. गुंतवणुकीच्या मार्गाने नागरिकत्वाचा सल्ला देणाऱ्यांसाठी भारतात असा कोणताही परवाना नाही. म्हणून पडताळणी आपणच करावी लागते. कॅरिबियन देशांची सरकारे आपल्या अधिकृत एजंटांची यादी संकेतस्थळावर ठेवतात, कॅनडासाठी तेथील इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेकडील नोंदणी पाहता येते. आमच्या कंपनीचे नाव एका यादीत थेट होते आणि दुसऱ्या देशासाठी ती तिसऱ्याच एजंटामार्फत काम करत होती, जे विचारल्याशिवाय सांगितले गेले नाही. दुबईतील ज्या इमारती सुचवल्या जात होत्या, त्यांच्या विकसकांकडून कमिशन मिळते का, या प्रश्नाला ‘इंडस्ट्री प्रॅक्टिस’ असे उत्तर आले. अर्ज नामंजूर झाल्यास शुल्काचा किती भाग परत मिळेल, हे कलम मूळ मसुद्यात संदिग्ध होते. आमच्या वकिलांनी ते टप्प्यांनुसार लिहून मागितले आणि कंपनीने फारशी खळखळ न करता मान्य केले. म्हणजे मागणाऱ्याला मिळते. न मागणाऱ्याला काय मिळत असेल, ते सांगायला नको.

सादरीकरणात आणखी एक आकडा वारंवार येत होता: २०२२ मध्ये २,२५,६२० आणि २०२३ मध्ये २,१६,२१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडले. आकडे संसदेत दिलेले, म्हणून खरे आहेत. पण त्यांत वर्षानुवर्षे परदेशात नोकरी करून तेथेच संसार थाटलेले सगळे जण येतात. ‘श्रीमंत देश सोडत आहेत, तुम्ही मागे राहाल’ असा त्यांचा अर्थ लावून इतवारीच्या व्यापाऱ्याला घाई करायला लावणे मला पटले नाही.

आम्ही शेवटी नागरिकत्वाचा पर्याय सोडून दिला. बंधूंनी दुबईचा निवास-परवाना घेण्याचे ठरवले आहे, कारण सुताच्या निर्यातीसाठी त्यांना तेथे वारंवार राहावे लागते. मालमत्तेचे काम नागपुरातील वकिलांकडे दिले: दोघा भावांची नोंदणीकृत वाटणी, दोन्ही कुटुंबांची मृत्युपत्रे, आईच्या आणि मुलांच्या तरतुदीसाठी १८८२ च्या न्यास कायद्याखाली एक खासगी न्यास आणि बँकेशी बोलून वैयक्तिक जामिनाची रक्कम कर्जाच्या शिल्लक भागापुरती मर्यादित करून घेणे. या सगळ्याचा खर्च कॅरिबियन देणगीच्या व्याजाइतकाही आला नाही. यातील जामिनाचा मुद्दा आम्हाला कंपनीच्याच कर-सल्लागारांनी, जाता जाता, फाईल बंद करताना सुचवला होता.

ज्यांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत, ज्यांचा व्यवसाय खरोखर दोन देशांत आहे किंवा ज्यांना कागदपत्रांची जुनी गुंतागुंत एकदाची सोडवून घ्यायची आहे, त्यांनी या शाखेकडे अवश्य जावे. केवळ बँकेची किंवा भाऊबंदकीची धास्ती असेल, तर हे शुल्क चांगल्या दिवाणी वकिलाला द्यावे. जाणाऱ्यांनी वेळ घेताना पहिल्या बैठकीलाच कर-सल्लागार हजर हवेत, असा आग्रह धरावा. ते महिन्यातून ठरावीक दिवशीच नागपुरात असतात, बैठकीची तारीख त्यांच्या सोयीने मागितली तर मिळते आणि शुल्कात त्यामुळे एक रुपयाचाही फरक पडत नाही.